शिवी आणि लहान मुलांचे कान

‘मूल अजून नीट बोलत नाही, पण शिवी मात्र स्पष्ट देते’, ही तक्रार घेऊन पालक माझ्याकडे अनेकदा येतात. सांगताना आई ओशाळलेली असते आणि बाबा किंवा आजोबा गालातल्या गालात हसत असतात. मूल हे दोन्ही चेहरे पाहत असते.

आपल्या मालवणी मुलखात शिवी नेहमी रागाचीच असते असे नाही. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या मित्राला ‘खंय होतंस रे मेल्या?’ असे विचारण्यात जिव्हाळाच असतो. शिमग्यात तर बोंब मारायला रीतीनेच मुभा आहे. गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांनी मालवणीचा रांगडेपणा घरोघरी पोहोचविला. पण शिवी कुठे, कोणाला आणि कोणत्या सुरात द्यायची हे मोठ्यांना कळते, लहान मुलाला कळत नाही.

मूल काय शिकते?

शब्दाच्या अर्थाआधी मुलाला सूर कळतो. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी ६ ते १२ महिन्यांच्या बालकांना झोपेत रागीट आवाज ऐकवून त्यांच्या मेंदूची तपासणी केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ज्या घरांत आईवडिलांची भांडणे अधिक, त्या घरांतील बालकांच्या मेंदूतील ताणाशी निगडित भागांत तीव्र प्रतिक्रिया दिसली. म्हणून ‘बाळ झोपलंय, त्याला काय कळतंय’ हा समज सोडावा.

एक-दोन वर्षांचे मूल शिवीची केवळ नक्कल करते. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास त्याला शब्दाचा परिणाम कळतो. कोणी हसले काय किंवा ओरडले काय, सर्वांचे लक्ष मिळाले की ते पुन्हा तेच बोलते. चार-पाच वर्षांचे मूल राग आल्यावर शिवी वापरू लागते. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या अल्बर्ट बांडुरा यांच्या प्रयोगात मुलांनी मोठ्यांचे बाहुलीला मारणे तर उचललेच, पण मारतानाचे त्यांचे बोलही उचलले.

खरा धोका

मित्राला हसत दिलेल्या शिवीपेक्षा मुलावरच रागाने, रोज सोडलेली शिवी फार घातक असते. घरात दारू असेल तर अधिकच. असे मूल झोपेत दचकते, अबोल होते, पुन्हा अंथरूण ओले करू लागते, विनाकारण पोट दुखते म्हणते किंवा धाकट्या भावंडाला मारते. अशी लक्षणे काही आठवडे टिकल्यास बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावरही मोफत सल्ला मिळतो.

पालकांनी काय करावे?

१) मुलाच्या शिवीवर हसू नये. पाहुण्यांपुढे ‘म्हणून दाखव’ असे तर मुळीच सांगू नये.

२) मारू नये. तोंडाला मिरची लावण्याचा उपाय क्रूर आहे, आणि तिखट डोळ्यांत किंवा श्वासनलिकेत गेल्यास धोक्याचाही आहे.

३) ‘हा शब्द आपण बोलत नाही. राग आला तर मला राग आला असं सांग’, असे शांतपणे समजवावे.

४) आपल्या तोंडून शिवी गेलीच, तर मुलासमोरच ‘चुकलं माझं’ म्हणावे.

५) नियम आजोबांसकट सर्वांना सारखा असावा.

यासाठी मालवणी सोडण्याची गरज नाही. मुलांशी ती जरूर बोलावी. तिच्यात माया करायलाही भरपूर शब्द आहेत, ते मुलांच्या कानावर आधी पडू द्यावेत.