युनिक्सचं वय आणि तुमच्या मुलांचा कोर्स

बारावीचा निकाल लागला की पालक विचारतात, सध्या मागणी कशाला आहे? कॉम्प्युटरच्या क्षेत्रात हा प्रश्न फसवा आहे, कारण पदवीची चार वर्षं संपेपर्यंत मागणी बदललेली असते. त्यापेक्षा काय टिकलं आणि का, हे पाहावं. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या तेव्हाच जुन्या झालेल्या मशीनवर युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम घडवायला घेतली. ते मशीन केव्हाच इतिहासजमा झालं. युनिक्सची घडण मात्र अँड्रॉइडच्या मुळाशी असलेल्या लिनक्समध्ये आणि आयफोनमध्येही आहे. २०१७च्या अखेरीपासून जगातले पहिले ५०० महासंगणकही लिनक्सवरच चालतात. १९७३मध्ये युनिक्स सी भाषेत नव्याने लिहिली गेली, म्हणून ती एका यंत्राला बांधलेली राहिली नाही. त्याच वर्षी बेल लॅब्समधल्याच डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे एका प्रोग्रॅमचं आउटपुट दुसऱ्याला देणारा ‘पाइप’ आला. लाखो ओळींच्या लॉगमधून ‘ग्रेप’ने चुका वेचायच्या आणि तेच आउटपुट थेट ‘सॉर्ट’कडे द्यायचं; छोटे प्रोग्रॅम असे जोडले की मोठं काम होतं. शिवाय १९५६च्या न्यायालयीन तडजोडीमुळे बेल लॅब्सची मालक कंपनी एटी अँड टीला सॉफ्टवेअरचा धंदा करता येत नव्हता, म्हणून विद्यापीठांना युनिक्स सोर्स कोडसकट स्वस्तात मिळाली. विद्यार्थ्यांनी तो कोड वाचला, बदलला. बर्कली विद्यापीठाची बीएसडी ही युनिक्सची आवृत्ती त्यातूनच उभी राहिली. मला यातली ही बाजू सर्वांत मोलाची वाटते.

यावर पालक म्हणतील, मुलाखतीत तर आजचं फ्रेमवर्क विचारतात. विचारतात, आणि तेही शिकायलाच हवं. पण आज सर्रास मागितलं जाणारं डॉकर लिनक्स कर्नलच्याच सोयींवर उभं आहे. प्रोसेस, फाइल आणि परमिशन ज्याला कळल्या, त्याला ते लवकर उमगतं. घरी विंडोज आहे, ही अडचणही उरलेली नाही: २०१६पासून मायक्रोसॉफ्टनेच विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय दिली आहे. आता एआयच कमांड लिहून देतो, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. मात्र सर्व्हरची डिस्क भरली असताना एआयने सुचवलेली, फाइल पुसणारी ‘आरएम’ची कमांड चालवावी की नाही, हे माणसालाच ठरवावं लागतं. उडालेली फाइल तिथे सहसा परत येत नाही.

म्हणून प्रवेश घेताना प्लेसमेंटच्या आकड्यांबरोबर हेही विचारा: ऑपरेटिंग सिस्टीमची प्रॅक्टिकल लिनक्सवर होतात का, मुलं सी भाषेत स्वतः प्रोग्रॅम लिहितात का? उत्तर समाधानकारक नसेल, तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मोफत आहेत. ते याच सुट्टीत सुरू करता येतील.