आजचं चिंतन : दोष कुणाचा?



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय 4, श्लोक 16 आणि 17.

आज जरा घरातलंच लिहितो. आमची लेक दीड वर्षाची झाली तरी उभी राहीना. बसायची, हसायची, पण जमिनीवर उभं केलं की पाय मुडपायचे. "काही मुलं उशिरा चालतात," असं सगळे म्हणायचे, आम्हीही म्हणायचो. मग जनुकीय तपासणी झाली आणि रिपोर्ट आला : स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी. स्नायूंना हालचालीचा निरोप पोचवणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशी यात निकामी होत जातात. बुद्धीला मात्र धक्का लागत नाही.

बातमी कळल्यावर एक आजी म्हणाल्या, "मागच्या जन्मीचं काहीतरी असेल बाबा." दुसऱ्या कुणी बायकोला विचारलं, "ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?" मला फार राग आला. पण मी तरी काय वेगळं केलं? सिस्टीम बंद पडली की आधी मूळ कारण शोधायचं, ही माझी ऑफिसातली सवय. त्याच रात्री मी बायकोला विचारलं, "तुझ्या मामांचं एक बाळ लहानपणीच गेलं होतं ना? कशानं?" ती काहीच बोलली नाही. उठून लेकीच्या उशाशी जाऊन बसली.

पुढे आम्हा दोघांची तपासणी झाली. एसएमएन1 या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एक चालू असली तरी माणूस ठणठणीत असतो. आम्हा दोघांकडेही एकेकच चालू प्रत निघाली. असे वाहक साधारण 40 ते 60 माणसांत एक असतात आणि त्यांना पत्ताही नसतो. दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. ग्रहणाचा, खाण्यापिण्याचा, कुणाच्या वागण्याचा यात काही संबंध नाही.

आता श्लोक बघू. भगवंत म्हणतात की कर्म कोणतं आणि अकर्म कोणतं, यात जाणतेही गोंधळतात. कर्म, विकर्म, अकर्म समजून घ्यायला हवं, कारण कर्माची गती गहन आहे. आपण यातलं 'गहन' तेवढं उचलतो आणि दुसऱ्याच्या दुःखावर ठेवून देतो. पण हे सांगितलंय कुणाला? अर्जुनाला, म्हणजे ज्याला स्वतः काहीतरी करायचं आहे त्याला. त्यानं आपलं कर्म ओळखावं म्हणून. दुसऱ्याच्या मागच्या जन्माचा हिशोब मांडायला हा श्लोक नाही. जाणतेही जिथे चाचपडतात, तिथे आपण एका आईला निकाल कसा सुनावणार?

आणि 'समजून घ्यायला हवं' हेही तितकंच खरं. जे कळू शकतं ते कळून घेणं हे कर्मच आहे. आम्ही आमच्या भावंडांना वाहक तपासणी करायला सांगितलं. लेकीचा रोजचा व्यायाम, पाठीच्या कण्यावर आणि श्वासावर लक्ष, हे आमचं काम. या आजारावर आता औषधं आहेत, पण किंमत ऐकून धस्स होतं. दुर्मिळ आजारांच्या 2021 च्या राष्ट्रीय धोरणाखाली ठरावीक केंद्रांतून 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलं एक. तिथे अर्ज करणं, कागद जमवणं, हेही कर्मच.

मामांच्या बाळाबद्दल विचारल्याची मी बायकोची माफी मागितली. ती म्हणाली, "मीही मनातल्या मनात तुमच्या घरचे सगळे मोजले होते." मग आम्ही दोघंही रडलो. सकाळी दोघांनी मिळून लेकीचा व्यायाम घेतला.

आजचा संकल्प : कुणाच्या घरी आजारपण असेल तर "का झालं" विचारू नका. "काय करू?" एवढंच विचारा. डबा पोचवा, रांगेत उभे राहा.

प्रार्थना : देवा, जे कळण्यासारखं आहे ते शोधायची बुद्धी दे. जे कळत नाही, त्याचा दोष माझ्या माणसांवर टाकण्यापासून मला आवर. आणि लेकीच्या हातापायांत आहे ते बळ राख.

श्रीकृष्णार्पणमस्तु.