खरा मित्र, खोटा मित्र आणि आपली मोहोर

शास्त्रभाग : १ शमुवेल १८:१-४, २३:१५-१८, २ शमुवेल १३:१-६, ३०-३३, नीतिसूत्रे १७:१७, २७:५, ६, गलतीकरांस २:११-१४, योहान १५:१२-१७.

पाठाचा हेतू : खरा मित्र कोणता व खोटा कोणता हे ओळखण्यास शिकणे, आणि आपण स्वतः कोणाचे कसे मित्र आहोत हे प्रभूसमोर तपासून पाहणे.

प्रस्तावना

मैलूर हे बिदर शहराला लागलेले. तेथील आमच्या बंधुभगिनींना महमूद गवानचा मदरसा कोठे आहे हे सांगावयास नको. बाजारास जाता-येता त्याचा उरलेला एक मनोरा व त्यावरील रंगीत फरशा त्यांच्या दृष्टीस पडतातच. १४७२ साली ही विद्येची इमारत उभी राहिली. ती बांधणाऱ्याचे पुढे काय झाले, हे मात्र आपण मुलांना क्वचितच सांगतो. खऱ्याखोट्या मैत्रीचा पाठ घेणाऱ्यास ती हकीकत फार उपयोगाची आहे, म्हणून तेथूनच आरंभ करू.

महमूद गवान हा इराणातील गिलान प्रांताचा. व्यापारी म्हणून तो दख्खनेत आला आणि आपल्या गुणांनी बहामनी राज्याचा मुख्य वजीर झाला. राज्याचे चार सुभे होते, त्यांचे त्याने आठ केले. सुभेदारांच्या हातातले बरेच किल्ले काढून घेतले. ज्यांची सत्ता कमी झाली ते साहजिकच त्याच्यावर जळू लागले. परंतु समोरासमोर त्याचा पाडाव करणे त्यांना जमेना. तेव्हा त्यांनी काय केले? फिरिश्ता नावाच्या इतिहासकाराने ते लिहून ठेवले आहे. वजिराची मोहोर ज्याच्या ताब्यात असे, त्या हबशी सेवकाशी त्यांनी मैत्री जोडली. त्याला भेटी दिल्या, त्याच्याबरोबर बैठका केल्या. एके दिवशी तो नशेत असता त्यांनी एक घडी घातलेला कागद पुढे केला आणि आपल्या एका मित्राचे काम आहे, एवढा शिक्का उठव, अशी गळ घातली. त्याने घडी उघडून न पाहता शिक्का उठवला. कागद कोरा होता. मग त्या शिक्क्यावर त्यांनी वजिराच्या नावाने ओरिसाच्या राजास फितुरीचे पत्र लिहिले व ते सुलतानापुढे नेले. सुलतान तिसरा मुहम्मदशहा याने चौकशी केली नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडपल्ली येथे त्या सत्तरी ओलांडलेल्या वृद्ध सेवकाचा वध झाला. खजिना जप्त करावयास गेले, तो त्यात फारसे काही सापडले नाही. मिळकतीचा मोठा भाग तो गोरगरिबांना वाटीत असे. सुलतानाला खरे काय ते कळले, पण फार उशिरा. वर्षाच्या आत तोही मेला, आणि पुढे त्या राज्याचे पाच तुकडे झाले.

आता विचार करा. या हकीकतीत खोटे मित्र कोणाचे होते? कट करणारे गवानचे मित्र नव्हतेच. ते त्याचे वैरी होते आणि त्याला ते ठाऊकही असेल. ते खोटे मित्र होते त्या मोहोर सांभाळणाऱ्याचे. त्याच्याशी ते गोड बोलले, त्याला त्यांनी खाऊपिऊ घातले, त्याचे काही लुटले नाही. फक्त त्याच्या हाती दुसऱ्याचा जो विश्वास होता, तो त्यांनी काढून घेतला. आजच्या पाठाचा मुख्य मुद्दा हाच. मित्र आपल्याला काय देतो, यावरून त्याची पारख होत नाही. तो आपल्याकडून काय करून घेतो, यावरून होते.

१. खोटा मित्र

पवित्र शास्त्रात २ शमुवेल १३ व्या अध्यायात दावीदपुत्र अम्नोन याला योनादाब नावाचा एक मित्र होता असे सांगितले आहे. हा त्याचा चुलतभाऊ, आणि मोठा हुशार. राजपुत्र दिवसेंदिवस वाळत चालला आहे हे इतर कोणाच्या लक्षात आले नाही, ते योनादाबाच्या आले. त्याने जवळ बसून विचारपूस केली. येथपर्यंत कोणासही वाटेल की मित्र असावा तर असा! परंतु अम्नोनाने आपल्या मनातील पाप उघड करताच योनादाबाने त्याला आवरले नाही. उलट ते कसे साधावे याची युक्ती सांगितली. त्या युक्तीने तामारेच्या जन्माचे वाटोळे झाले, आणि दोन वर्षांनी अम्नोनाचा खून पडला. मग योनादाब काय करीत होता? ३२ वे व ३३ वे वचन वाचा. तो राजापाशी उभा राहून शांतपणे सांगत आहे की सर्व राजपुत्र मेले नाहीत, एकटा अम्नोन मेला. त्याच्या डोळ्यांत पाणी आल्याचे शास्त्र सांगत नाही.

खोट्या मित्राची तीन लक्षणे येथे दिसतात. आपले दुःख त्याला लवकर कळते, पण ते तो आपल्याला वळवण्यासाठी वापरतो. आपल्याला जे ऐकावेसे वाटते तेच तो सांगतो. आणि परिणाम भोगण्याची वेळ आली म्हणजे तो दुसऱ्याच्या शेजारी उभा असतो.

२. खरा मित्र

आता योनाथानाकडे पाहू. तो शौलाचा वडील पुत्र. गादी त्याच्याकडे यावयाची. दावीद राजा होणार म्हणजे योनाथानाचे राज्य जाणार, हे त्याला पक्के ठाऊक होते. तरी त्याने आपला झगा, तलवार, धनुष्य व कमरबंद काढून दावीदाला दिला. पुढे दावीद जीफ रानात लपून असता योनाथान तेथे गेला. त्याच्याबरोबर सैन्य नव्हते. त्याने दावीदाचा हात देवाच्या ठायी बळकट केला, असे शास्त्र सांगते. मित्राच्या भेटीनंतर आपली नजर देवाकडे लागली की मित्राकडेच लागून राहिली, हे पाहण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी वर्गाच्या ध्यानात आणून द्यावी. दावीदाने योनाथानाला कधीही म्हटले नाही की, बापावर हात उचल. योनाथानानेही दावीदाला खूश करण्यासाठी बापाचा त्याग केला नाही. बापाचा अन्याय त्याने बापाच्या तोंडावर सांगितला, दावीदाला धोका कळवला, आणि शेवटी गिलबोवाच्या डोंगरावर तो बापाबरोबरच पडला. खरी मैत्री दुसऱ्या नात्याचा बळी मागत नाही. जो मित्र म्हणतो, “माझा असशील तर अमक्याशी बोलू नकोस, तमक्याची गुप्त गोष्ट मला सांग,” त्याच्या हातात घडी घातलेला कागद आहे असे समजावे.

३. विरोध करणारा प्रत्येक जण खोटा नव्हे

येथे एक चूक आपल्या मंडळ्यांत फार होते. जो आपल्या बाजूने हात वर करतो तो मित्र, आणि जो विरुद्ध बोलतो तो वैरी, असे आपण ठरवून टाकतो. नीतिसूत्रांच्या २७ व्या अध्यायात शलमोन याच्या अगदी उलट शिकवतो : प्रीती करणाऱ्याने केलेल्या जखमांवर भरवसा ठेवता येतो, वैऱ्याच्या पुष्कळ मुक्यांवर नाही. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय बांधवांबरोबर जेवत असे. यरुशलेमेहून काही लोक येताच तो पंक्तीतून उठला. तेव्हा पौलाने सर्वांसमक्ष त्याला दोष दिला. पौलाने मागे कुजबुज केली नाही. पेत्राला ते झोंबले असेल, पण आपल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी तो पौलाचा उल्लेख प्रिय बंधू म्हणूनच करतो.

आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासातही असे उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंचे नाव कलबुर्गी भागातील बांधवांना परके नाही. त्यांच्या कन्या मनोरमाबाई यांनी तेथे, म्हणजे तेव्हाच्या गुलबर्ग्यास, शाळा काढली होती. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास नेले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांसारखे थोर गृहस्थ त्यांचे सल्लागार होते. १८९३ साली सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो यावरून वाद पेटला. सल्लागारांनी आपले अंग काढून घेतले, पालकांनी अनेक मुली घरी नेल्या. रमाबाईंना तो घाव किती लागला असेल! परंतु या सल्लागारांना खोटे मित्र म्हणणे न्यायाचे होणार नाही. त्यांचे मत वेगळे होते, ते त्यांनी लेखी कळवले आणि उघडपणे दूर झाले. आपण कोठे उभे आहोत हे रमाबाईंना स्वच्छ कळले. यादीत नाव राहू द्यावयाचे आणि गल्लीत निंदा करावयाची, असे त्यांनी केले नाही. मतभेद झाला म्हणजे मैत्री खोटी ठरत नाही. तो लपवून गोड बोलत राहिल्याने ठरते.

४. आमची कबुली

हा पाठ लिहिताना आम्हांला आमचीच एक गोष्ट आठवते, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका मंडळीचे सभासद होतो. एके रविवारी उपासना संपल्यावर एका जिवलग गृहस्थाने आम्हांला बाजूला घेतले. आमच्या घरच्या आजारपणात तो रात्र रात्र जागला होता. त्याने एक कागद पुढे केला. “मंडळीच्या भल्यासाठीच आहे, सगळ्यांनी केली आहे, तुमची तेवढी राहिली,” असे तो म्हणाला. आम्ही सही केली. वाचले नाही. ज्याने इतके केले त्याच्यासमोर कागद वाचत बसणे आम्हांला अविश्वासाचे वाटले.

तो अर्ज आमच्या पाळकसाहेबांविरुद्ध होता. मंदिराच्या छपरासाठी जमलेल्या वर्गणीत त्यांनी अफरातफर केली, असे आमच्या सहीच्या वर लिहिलेले होते. ती वर्गणी त्यांच्याबरोबर टेबलाशी बसून आम्हीच मोजली होती! पैन् पै जागेवर असल्याचे आम्हांइतके कोणालाच ठाऊक नव्हते. मुलांच्या परीक्षा तोंडावर असता त्यांची बदली झाली. काय लिहिले होते हे आम्हांला त्यानंतर कळले. मग आम्ही खरी हकीकत वरिष्ठांना लिहून दिली आणि त्या गावी जाऊन पाळकसाहेबांची क्षमा मागितली. त्यांनी आम्हांला आत बोलावले, चहा दिला, प्रार्थना केली. परंतु त्यांच्या थोरल्या मुलाचे ते वर्ष बुडाले होते. ते काही आम्हांला परत देता आले नाही.

तो गृहस्थ आमचा खोटा मित्र होता, असे आम्ही पुष्कळ दिवस म्हणत राहिलो. ते खरेही असेल. पण पाळकसाहेबांच्या बाजूने पाहिले, तर त्यांचा खोटा मित्र कोण होता? त्यांचे वैरी नव्हेत. ज्याच्या शेजारी बसून त्यांनी पैसे मोजले, तो. म्हणजे आम्ही. वाचकहो, आपणांपैकी प्रत्येकाच्या हाती कोणाची ना कोणाची मोहोर आहे : कोणाची सही, कोणाचे गुपित, कोणाचे चांगले नाव. ती आपण कोणाच्या गोड शब्दावर उठवतो?

५. प्रभूची मैत्री

प्रभु येशूने यहूदाला बारा जणांत घेतले, पैशाची थैली त्याच्याकडे राहू दिली, शेवटच्या रात्री त्याचे पाय धुतले. बागेत त्याने मुका घेतला तेव्हाही प्रभूने त्याला मित्र म्हणूनच हाक मारली (मत्तय २६:५०). मग आपण खोट्या मित्राशी कसे वागावे? द्वेष करावयाचा नाही, हे तर स्पष्ट आहे. परंतु योहान २:२४, २५ हेही वाचावे. मनुष्याच्या अंतर्यामी काय आहे हे प्रभूला ठाऊक होते, म्हणून त्याने लोकांवर भिस्त ठेवली नाही. प्रीती सर्वांवर करावी, पण मोहोर सर्वांच्या हाती देऊ नये. यात विरोध नाही.

आणि योहानाच्या १५ व्या अध्यायात प्रभु आपल्या शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो. पित्यापासून जे ऐकले ते त्याने त्यांना कळवले. काही लपवले नाही, आणि आपला प्राण त्यांच्यासाठी दिला. त्याने आपले नाव आपल्या हाती दिले आहे. आपण ख्रिस्ती म्हणवतो, म्हणजे त्याचीच मोहोर बाळगतो. ती कोणत्या कागदावर उठते हे पाहणे आपले काम आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी

लहान वर्गात योनाथानाची गोष्ट सांगावी. मोठ्या वर्गात योनादाब व योनाथान यांची तुलना फळ्यावर दोन रकान्यांत मांडावी. जवळ असतील त्यांनी मुलांना एकदा मदरसा दाखवून तेथेच मोहोरेची हकीकत सांगावी.

चर्चेसाठी प्रश्न :
१. योनादाबाच्या जागी खरा मित्र असता, तर त्याने अम्नोनाला काय सांगितले असते?
२. मित्राने आग्रह केला म्हणून आपण परीक्षेत उत्तर दाखवले, तर आपण त्याचे मित्र झालो काय?
३. अलीकडे कोणी आपल्याला तोंडावर चूक दाखवली? आपण त्याच्याशी त्यानंतर कसे वागलो?
४. आपल्या हाती कोणाची मोहोर आहे?

प्रार्थना

हे प्रभो, तू आम्हांला मित्र म्हटलेस, त्या नावाला आम्ही कमी पडलो. ज्यांनी आमच्यावर भरवसा ठेवला त्यांना आम्ही कोठे विकले असेल, तर ते आम्हांला दाखव, आणि त्यांच्या दारी जाण्याचे धैर्य दे. गोड शब्दांपुढे आम्हांला सावध ठेव व खऱ्या शब्दांपुढे नम्र ठेव. आमेन.