संशोधनासाठी मागताना



डोंबिवलीत आपली चित्रे मांडून त्यांच्या विक्रीतून कर्करोगावरील संशोधनासाठी निधी उभारण्याचा, आणि त्या कामी सोसायट्या, गणेश मंडळे व चित्रकलेच्या वर्गातील मुले यांना सोबत घेण्याचा माझ्या भाचीचा बेत स्तुत्यच आहे. तथापि उपचारासाठी दिलेला पैसा आणि संशोधनासाठी दिलेला पैसा या दोन निराळ्या गोष्टी असून देणाऱ्याच्या मनात त्यांची सरमिसळ सहज होते, म्हणून आपण नेमके कशासाठी मागतो हे मागणाऱ्याने आधी ठरवावे. कल्याण-डोंबिवलीत ‘टाटाला नेले’ एवढ्यावरून ओळखले जाणारे परळचे रुग्णालय १९४१ मध्ये उघडले आणि १९६६ मध्ये कर्करोग संशोधन संस्थेशी एकत्र होऊन त्याचे टाटा स्मारक केंद्र झाले. उपचार आणि शोध एकाच नावाखाली चालत असल्याने ही सरमिसळ अधिकच होते.

उपचाराच्या मदतीला रुग्णाचा चेहरा असतो, संशोधनाला तो नसतो. उदाहरणार्थ, टाटा स्मारक केंद्राने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत सुरू केलेल्या चाचणीत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया होत्या. कोणत्या वस्तीने कोणत्या गटात जायचे हे संशोधकांच्या पसंतीवर न ठेवता दैवगतीवर सोपवले होते, आणि अशा विभागणीलाच यादृच्छिक चाचणी म्हणतात. एका गटात प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्तनांची हाताने तपासणी करीत आणि गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, लावून पांढरे पडणारे डाग शोधीत. दुसऱ्या गटाला रोगाची माहिती दिली जाई. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू पहिल्या गटात ३१ टक्क्यांनी घटले, हे २०१३ मध्ये जाहीर झाले. स्तनांच्या तपासणीचा निष्कर्ष मात्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला: पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी, त्याखालील वयात तसा लाभ नाही. हे ‘नाही’ कळण्यासाठीही दोन दशके आणि पैसा लागलाच. तेव्हा ‘एक चित्र घ्या, एक जीव वाचवा’ असे फलकावर लिहिणे खोटेपणाचे ठरेल, आणि रुग्णाचे छायाचित्र लावून संशोधनासाठी मागणे त्याहून वाईट.

हाडाच्या कर्करोगात पाय गमावलेला टेरी फॉक्स १९८० मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, कॅनडाभर धावू लागला आणि पुढे देशातील प्रत्येक माणसामागे एक डॉलर जमावा एवढीच अपेक्षा त्याने ठेवली. पैसा संशोधनालाच जाईल हे त्याने स्पष्ट सांगितले आणि आपल्या धावण्यावर कोणा कंपनीला जाहिरात करू दिली नाही. प्रायोजकाचे बोधचिन्ह चित्रांहून मोठे लागण्याची आपल्याकडची रीत पाहता हा कित्ता गिरवण्याजोगा आहे.

व्यवहाराविषयी थोडे. नोंदणीकृत न्यास नसलेल्यांनी लोकांकडून धर्मादाय कारणासाठी वर्गणी जमवायची झाल्यास सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळांना ही वाट ठाऊक असते, त्यांनाच विचारावे. त्याहून सोपे म्हणजे ज्याला केवळ देणगी द्यायची आहे त्याने ती थेट संशोधन करणाऱ्या संस्थेच्या खात्यात भरावी व पावती स्वतःच्या नावे घ्यावी, कारण प्राप्तिकराची सवलत मागायची तर दोन हजारांवरची रोख देणगी चालत नाही. चित्र विकत घेणारा मात्र देणगीदार नसून गिऱ्हाईक असतो, हे त्याला विक्रीपूर्वी सांगावे. किमतीतला किती भाग संस्थेला जाणार आणि सभागृहाचे भाडे, चौकटी व रंग यांचा खर्च किती, हे दारातच लिहून लावावे. कलावंताने आपला खर्च उघडपणे घेण्यात कमीपणा नाही. तो लपवून घेण्यात आहे.

न विकलेली चित्रे रुग्णालयाला भेट देण्याचा मोह अनेकांना होतो. तिथल्या भिंती कोणी रित्या ठेवलेल्या नाहीत. आधी विचारावे, आणि नकार आल्यास चित्रे निमूटपणे घरी न्यावीत.