समुद्रपक्ष्यांना जमीन का लागते?

इयत्ता चौथी-पाचवीच्या वर्गांत ‘समुद्रपक्षी कोठे राहतात?’ असे विचारले असता ‘समुद्रावर’ असे उत्तर येते, आणि शिक्षकही बहुधा तेथेच थांबतात. हे उत्तर अर्धेच आहे. समुद्र या पक्ष्यांस अन्न देतो. पिलू वाढवावयास मात्र जमीनच लागते.

लक्षद्वीपातील पिट्टी हे बेट उदाहरणास घ्यावे. कवरत्तीच्या वायव्येस असलेले हे प्रवाळी वाळूचे बेट जेमतेम १.२ हेक्टरांचे. तेथे मनुष्यवस्ती नाही, झाड नाही. परंतु काळ्या पाठीचे व पांढऱ्या पोटाचे सुरय पक्षी अंडी घालण्यास तेथेच येतात. हा पक्षी लहान वयात कित्येक वर्षे समुद्रावर उडतच काढतो. त्याची पिसे पाण्याने भिजतात, म्हणून बदकाप्रमाणे तो पाण्यावर बसून राहू शकत नाही. कुपा मासे खालून लहान मासळीस पृष्ठभागाकडे रेटतात, ती हा वरून टिपतो. अर्थात कुपा घटला की सुरयाचीही उपासमार व्हावयाची. खारे पाणी त्यास बाधत नाही. डोळ्यांवरील ग्रंथी जादा मीठ वेगळे करतात व ते नाकपुड्यांतून थेंबाथेंबाने गळते. (हा भाग मुलांस फार आवडतो, अवश्य सांगावा.)

मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या वाळूवर. भर उन्हात नर-मादी आळीपाळीने त्यावर सावली धरतात. माणसे बेटावर उतरली की थवा उठतो आणि तापल्या वाळूत अंडी निकामी होतात. त्यांस कोणी हात लावण्याचीही गरज नसते. अशा एखाद्या बेटावर नावेतून उंदीर पोचले, तर अनर्थ याहून मोठा.

कोकणातील शाळांना या पाठाचे प्रत्यक्ष प्रयोजन आहे. पावसाळी वादळात थकलेले समुद्रपक्षी किनाऱ्यावर येऊन पडतात. मुले भूतदयेने त्यांस पुन्हा लाटांत सोडतात किंवा चोचीत पाणी ओततात. थकलेला पक्षी लाटांत बुडतो, व ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाऊन तो दगावतो. त्याऐवजी भोके पाडलेल्या खोक्यात कोरडे फडके अंथरून त्यास अंधारात, निवांत ठेवावे. उचलताना चोचीपासून डोळे जपावेत; नंतर हात साबणाने धुवावेत. वनविभागास त्वरित कळवावे. जवळच्या वन कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक जूनमध्ये शाळा उघडताच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा.