मोडल्यावाचून नवे होत नाही

भक्तिकाव्य वाचताना आपले कित्येक बंधू अडखळतात. जो पाडतो तो उभा कसा करील? जो बांधतो तो मोकळा कसा करील? अशा बोलण्यास विरोधाभास म्हणतात. वरून ते विसंगत दिसते, परंतु आत सत्य असते. याचे एक उदाहरण आम्ही वाचकांपुढे ठेवतो.

जॉन डन हा इंग्रज कवी १५७२ साली लंडन शहरी जन्मला. १६१५ साली त्यास पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि १६२१ पासून १६३१ साली मरेपर्यंत तो तेथील सेंट पॉल या मोठ्या मंदिराचा डीन, म्हणजे मुख्य पाळक, होता. त्याच्या कविता १६३३ साली छापून निघाल्या. त्यांत चौदा ओळींची एक प्रार्थना आहे. तिच्यात कवी देवाजवळ डागडुजी मागत नाही. आपणास मोडून नवे करावे असे मागतो. मग तो स्वतःस शत्रूने बळकावलेले नगर म्हणतो. खऱ्या राजास आत घ्यावे अशी नगराची इच्छा आहे, पण राजाचा कारभारी जो विवेक, तोच कैदेत पडला आहे. शेवटी तो शत्रूशी वाङ्निश्चय झालेल्या वधूप्रमाणे ती गाठ तोडण्यास देवास विनवतो. देवाचा बंदिवान झाल्यावाचून आपणास सुटका नाही, हे त्याचे म्हणणे.

यावरून देव जुलमी आहे असे कोणी समजू नये. येथे बळ मागणारा स्वतः कवीच आहे. माणसाने माणसावर, किंवा पतीने पत्नीवर, बळ चालवावे यास या चित्रांत मुळीच आधार नाही.

शास्त्रातही हीच रीत आहे. जिवास मुकणारा जीव मिळवतो (मत्तय १६:२५). पौल अशक्त असतो तेव्हाच सशक्त असतो (२ करिंथ १२:१०). कुंभार बिघडलेल्या मातीचेच दुसरे पात्र घडवतो (यिर्मया १८:४).

आपली प्रार्थना मात्र बहुधा ठिगळाची असते. दारू सुटावी, पण भाऊबंदांशी चाललेला दावा सुटू नये. पाप जावे, पण जातीचा अभिमान राहावा. अशा मनास डन याचे शब्द कठोर वाटतात, आणि वाटलेच पाहिजेत.

उपदेशक बंधूंनी वरील तीन वचने मंडळीत वाचावी आणि प्रत्येकाने मनात विचारावे: देवाने मोडू नये म्हणून मी कोणती वस्तू लपवून ठेवली आहे?