ग्रंथालय मोबाईलवर येताना



‘मोबाईल लायब्ररी’ म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर ॲप येते. ग्रंथालयाच्या क्षेत्रात मात्र हा शब्द जुना आहे आणि त्याचा अर्थ फिरते ग्रंथालय असा आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारले. जिथे ग्रंथालय नव्हते, तिथे पुस्तकांच्या पेट्या भरून पाठवल्या जात. १९३१ मध्ये तामिळनाडूतील मन्नारगुडी भागात बैलगाडीवर ग्रंथालय निघाले. त्याच वर्षी एस. आर. रंगनाथन यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांतला चौथा नियम सांगतो, वाचकाचा वेळ वाचवा. दिल्ली पब्लिक लायब्ररीची पुस्तकांची मोटार १९५३ पासून वस्त्यावस्त्यांत जाऊ लागली. पेटी, बैलगाडी, मोटार आणि आता फोन, असा हा क्रम आहे.

फोनवर ग्रंथालय काय काय करते? पुस्तक परत करण्याची तारीख जवळ आली की संदेश येतो. घरबसल्या मुदत वाढवून मिळते, दुसऱ्याने नेलेले पुस्तक आपल्यासाठी राखून ठेवता येते. पुस्तकामागच्या आयएसबीएन क्रमांकाचा बारकोड कॅमेऱ्याने टिपून ते ग्रंथालयात आहे का, हे पाहता येते. ‘कोहा’ नावाचे ग्रंथालयाचे मुक्त सॉफ्टवेअर न्यूझीलंडमध्ये तयार झाले आणि २००० पासून वापरात आले. कोहा हा माओरी भाषेतला शब्द असून त्याचा अर्थ भेट असा आहे. त्याचे कॅटलॉगचे पान आता पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःची मांडणी बदलते. संगणकावर शेजारी शेजारी दिसणारे रकाने फोनवर एकाखाली एक येतात.

या सोयी चांगल्या आहेत, पण मला त्यांच्यापेक्षा पुढच्या दोन अडचणी महत्त्वाच्या वाटतात. आपण मराठी वाचणारे असल्यामुळे त्या आपल्याला जास्त भेटतात.

पहिली अडचण पुस्तकाच्या रूपाची. भारताचे राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आयआयटी खरगपूरने उभारले आणि १९ जून २०१८ रोजी ते देशाला अर्पण झाले. त्याचे ॲपही आहे. पण त्यातली सगळी पुस्तके त्याच्या स्वतःच्या कपाटात नसतात. अनेक संस्थांकडच्या पुस्तकांच्या नोंदी ते एकत्र करते आणि पुस्तक कुठे आहे ते दाखवते. पुढे जे उघडते, ते त्या त्या संस्थेने जसे ठेवले असेल तसे. जुनी मराठी पुस्तके बहुधा पानांचे फोटो काढून पीडीएफ केलेली असतात. फोनवर असे पान उघडले की अक्षर मुंगीएवढे दिसते. मोठे केले तर अर्धी ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला पान डावीकडे-उजवीकडे सरकवावे लागते. सुट्टीत बाबांच्या फोनवर मी एक जुने प्रवासवर्णन असे वाचायला घेतले होते. चाळीस पानांनंतर गोष्ट आवडत असूनही अंगठा थकला.

यावर उपाय म्हणजे फोटोऐवजी मजकूर. ईपब प्रकारच्या पुस्तकात मजकूर पाण्यासारखा पडद्याच्या आकारात बसतो. अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने जुळतात. इथे थोडे गणित करू. ३०० पानांचे पुस्तक, एका पानावर १५०० चिन्हे. युटीएफ-८ पद्धतीने साठवताना देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. गुणाकार केला तर १३,५०,००० बाइट, म्हणजे सुमारे १.३५ एमबी. त्याच पुस्तकाच्या प्रत्येक पानाचा फोटो केवळ १०० केबीचा धरला तरी ३० एमबी होतात. ज्या गावात नेटवर्कची एकच दांडी दिसते, तिथे हा फरक पुस्तक मिळण्या-न मिळण्याचा असतो. मराठी विश्वकोशाच्या नोंदी संकेतस्थळावर मजकुराच्या रूपात आहेत, म्हणून त्या फोनवर सहज वाचता येतात.

यात एक फसवा प्रकारही आहे. युनिकोड सर्वत्र रुळण्याआधी मराठी मजकूर ज्या फॉन्टमध्ये टाइप होत असे, त्यांत डोळ्यांना देवनागरी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरांचे क्रमांक साठवलेले असतात. अशा फाइलमध्ये ‘रायगड’ शोधा, समोर शब्द छापलेला दिसत असूनही फोन म्हणतो की सापडला नाही.

दुसरी अडचण नावाची आहे. पुस्तक आहे, पण शोधायचे कोणत्या नावाने? ज्ञानेश्वर हे नाव घ्या. रोमन लिपीत लिहिताना मराठी माणूस ‘डी-एन’ने सुरुवात करतो, हिंदी माणूस ‘जी-वाय’ने आणि संस्कृतच्या पद्धतीने लिहिणारा ‘जे-एन’ने. ‘मृत्युंजय’मध्ये आपण ‘मृ’साठी ‘एम-आर-यू’ लिहितो, तर इकडे ‘एम-आर-आय’ लिहितात. कुणाचेच चूक नाही, कारण ‘ऋ’चा उच्चारच दोन्हीकडे वेगळा आहे. पण फोनला उच्चार कळत नाही, त्याला फक्त अक्षरे जुळवता येतात. म्हणून कॅटलॉगच्या नोंदीत पुस्तकाचे नाव त्याच्या स्वतःच्या लिपीत, देवनागरीत असले पाहिजे आणि रोमन नाव सोबत असावे.

तिसरी गोष्ट उधारीची, ती थोडक्यात सांगतो. डिजिटल पुस्तक झिजत नाही, मग ते एकाच वेळी हजार जणांना का देत नाहीत? कारण तसे झाले तर लेखक-प्रकाशकांचे पुस्तक विकले जाणार नाही. अमेरिकेत २०१७ पासून ‘लिबी’ हे ॲप आहे. त्यात ग्रंथालयाने एका प्रतीचा परवाना घेतला असेल तर एका वेळी एकच वाचक ती वाचतो, बाकीचे रांगेत थांबतात. मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जाते, त्यामुळे दंडही नाही. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशनाने तर असा नियम केला, की एक ई-पुस्तक २६ वेळा देऊन झाले की ग्रंथालयाने ते पुन्हा विकत घ्यावे. दोन-दोन आठवड्यांनी दिले तर ते बरोबर एक वर्ष पुरते. ग्रंथपाल खूप नाराज झाले होते. मला प्रकाशकाची काळजी समजते, पण आपल्या शाळेच्या कपाटातली पुस्तके आमच्या सीनियरच्या सीनियरनी वाचलेली आहेत, त्यांच्यापुढे एक वर्ष फारच कमी वाटते.

आता कुणी विचारेल, कॅडेटला मोबाईल बाळगता येत नाही, मग तू हे का लिहितोस? तर कारण असे. सहावीत महाराष्ट्र सोडून इथे राजस्थानात आलो, तेव्हापासून माझे मराठी वाचन दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत होते. टर्ममध्ये हिंदी आणि इंग्रजीच. माझ्या धाकट्या बहिणीला पत्र लिहिताना ‘आणि’चा ‘णि’ पहिला की दुसरा, असा विचार मला करावा लागला, तेव्हा मला जरा भीती वाटली. इथल्या ग्रंथालयात मराठीचा एक कप्पा आहे, त्यात ४३ पुस्तके आहेत. पण ग्रंथालयाच्या संगणकावर ती सगळी रोमन लिपीत आणि हिंदी उच्चाराने नोंदलेली होती. त्यामुळे शोधणाऱ्या मुलाला कप्पा रिकामाच वाटायचा.

ग्रंथपाल सरांना हे सांगितले. आपले सॉफ्टवेअर युनिकोड घेते, असे ते म्हणाले आणि लगेच त्यांनी एक नोंद उघडून दिली. तेव्हापासून आठवीतला एक कॅडेट आणि मी, आम्ही दोघे रविवारी एक तास बसून लेखकाचे नाव, पुस्तकाचे नाव आणि विषय देवनागरीत भरतो. मी वाचून दाखवतो, तो टाइप करतो, सर तपासतात. पुस्तके शाळेच्या वेबसाइटवरच्या कॅटलॉगमध्येही दिसणार असल्याने सुट्टीत घरच्या फोनवरून आपण ती पाहू शकू आणि परत आल्यावर कोणते घ्यायचे ते ठरवून येऊ. पालकांनाही कोणते पुस्तक इथे नाही ते कळेल.

आतापर्यंत २९ पुस्तके झाली. दोन पुस्तकांची पहिली पानेच गेली आहेत, त्यांची नावे आम्हाला ठरवता आली नाहीत. एक शिकारकथांचे आहे, दुसरे बहुतेक सातवीच्या वर्गासाठीचे नाटक. ज्यांनी ती पूर्वी वाचली असतील, त्यांनी रविवारी गेम्सच्या आधी ग्रंथालयात येऊन सांगावे.